पिंगट केस आले कोठून?

विज्ञान-शिक्षकांच्या एका शिबिरात आनुवंशिकतेवरचे माझे व्याख्यान संपले. सगळे चहाला निघाले, पण एक बाई थांबून राहिल्या. नववीच्या वर्गाला मेंडेलचे वाटाणे शिकवून झाल्यावर त्यांनी मुलांना घरून एक तक्ता भरून आणायला सांगितला होता. आई, वडील, आजी, आजोबा यांचे केस कसे, डोळे कसे, कानाची पाळी कशी, असा तो तक्ता. वर्गातल्या एका मुलीचे केस पिंगट होते आणि घरात बाकी सर्वांचे काळे. तक्ता वाचला जात असताना मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणाले, “मग हिचे कोणाकडून आले?” वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी ती मुलगी शाळेत आली नाही. आली तेव्हा मधल्या सुट्टीत तिने बाईंना विचारले, “बाई, मी आईबाबांचीच आहे ना?”

बाईंनी तिला सांगितले, “अगं, पिंगट रंग अप्रभावी असतो. तो दोघांकडेही लपलेला असू शकतो. असे होते.” मुलीचे समाधान झाले. बाईंचे झाले नाही. त्या मला म्हणाल्या, “उद्या एखाद्या घरात उलटे निघाले, म्हणजे आईवडील दोघेही पिंगट आणि मूल काळ्या केसांचे, तर हाच नियम लावून मी त्या मुलाला काय सांगू?”

प्रश्न इतका नेमका होता की उभ्या उभ्या उत्तर देणे मला जमले नाही. ते उत्तर येथे देण्याचा प्रयत्न करतो.

रंग तयार कसा होतो?

केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. रंग भरण्याचे काम होते ते त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी. तेथे रंगपेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य तयार करतात आणि वाढणाऱ्या केसाच्या पेशींत ते भरतात. मेलॅनिनचे दोन प्रकार आहेत. एक काळपट-तपकिरी, त्याला युमेलॅनिन म्हणतात. दुसरे तांबूस-पिवळे, ते फिओमेलॅनिन. काळ्या केसांत युमेलॅनिन भरपूर असते. ते कमी झाले की केस तपकिरी होतात, फारच कमी झाले की सोनेरी. तांबूस द्रव्याचे प्रमाण जास्त असेल तर केस लाल दिसतात. रंगपेशींचे काम थांबले की केस पांढरे येऊ लागतात.

म्हणजे जगभरच्या केसांच्या छटा या दोनच द्रव्यांच्या प्रमाणांतून निर्माण होतात. मात्र ती द्रव्ये किती आणि केव्हा तयार करायची, हे ठरवण्यात पुष्कळ जनुकांचा हात असतो. एखादा कारखाना डोळ्यांसमोर आणा. कच्चा माल आणणारा, यंत्र चालवणारा, बाहेरून आलेला निरोप आत पोचवणारा, तयार माल वाटणारा, असे अनेक कामगार तेथे असतात. त्यांपैकी कोणाच्याही कामात फरक पडला तर मालात फरक पडू शकतो.

‘प्रभावी’ म्हणजे बलवान नव्हे

मेंडेलने १८६६ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातील गोल व सुरकुतलेल्या वाटाण्यांचा प्रयोग आपण सारे शिकवतो. दुसऱ्या पिढीत त्याला ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मिळाले, म्हणजे जवळजवळ ३:१. गोलपणा प्रभावी, सुरकुत्या अप्रभावी. हे शब्द ऐकून मुलांच्या मनात एक चित्र तयार होते: प्रभावी जनुक दांडगा, तो अप्रभावी जनुकाला दाबून टाकतो.

प्रत्यक्षात दाबादाबी काहीच नसते. सुरकुतलेल्या दाण्यांत नेमके काय घडते हे १९९० साली इंग्लंडमधील संशोधकांनी दाखवून दिले. पिष्टाच्या रेणूंना फांद्या फोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, वाटाण्यात असते. सुरकुतलेल्या जातीत या विकराच्या जनुकात सुमारे ८०० अक्षरांचा एक फालतू तुकडा घुसलेला आहे, त्यामुळे विकर नीट तयार होत नाही. पिष्ट कमी बनते, साखर उरते, साखरेमुळे दाणा जास्त पाणी शोषतो आणि वाळताना आक्रसतो. ज्या दाण्यात एक प्रत चांगली आणि एक बिघडलेली असते, तेथे चांगल्या प्रतीपासून पुरेसे विकर मिळते आणि दाणा गोल राहतो.

घरात दोन पंप आहेत आणि एक बंद पडला, तरी टाकी भरते. दोन्ही बंद पडले तरच नळ कोरडा होतो. बहुतेक अप्रभावी गुणधर्मांमागे एवढीच साधी गोष्ट असते. वर्गात ‘अप्रभावी म्हणजे दुबळा’ असे सांगण्याऐवजी ‘एक प्रत चालू असली तर काम भागते’ असे सांगावे. मुलांना ते लगेच पटते.

सॉलोमन बेटांवरची सोनेरी मुले

केसांच्या रंगाबाबत हा नियम जवळजवळ पाठ्यपुस्तकाप्रमाणे लागू पडतो असे एक ठिकाण आहे. ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस प्रशांत महासागरात सॉलोमन बेटे आहेत. तेथील लोकांची त्वचा गडद काळी आहे. तरीही त्यांच्यातील पाच ते दहा टक्के लोकांचे केस लख्ख सोनेरी असतात.

या केसांविषयी बरेच तर्क केले जात. कोणी म्हणे, उन्हाने आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्याने केसांचा रंग उडतो. कोणी म्हणे, मासे फार खातात म्हणून. आणि एक तर्क असा, की पूर्वी युरोपातून आलेल्या खलाशांचे व व्यापाऱ्यांचे रक्त यांच्यात मिसळले असावे. आपल्या गोष्टीतल्या वर्गात मागच्या बाकावरून आलेला प्रश्न आणि हा तर्क यांत फारसा फरक नाही.

२०१२ साली ‘सायन्स’ या साप्ताहिकात या प्रश्नाचे उत्तर प्रसिद्ध झाले. संशोधकांनी सोनेरी केसांचे ४३ आणि काळ्या केसांचे ४२ बेटवासी निवडून त्यांच्या डी.एन.ए.ची तुलना केली. फरक एका जागी ठळकपणे दिसला: नवव्या गुणसूत्रावरील टीवायआरपी१ या जनुकात. काळे रंगद्रव्य तयार करण्यास मदत करणारे एक प्रथिन या जनुकावरून बनते. सोनेरी केसांच्या लोकांत या प्रथिनातील ९३व्या जागी आर्जिनीनऐवजी सिस्टीन हे अमिनो आम्ल आलेले होते. केवळ एका अक्षराचा बदल! हा बदल अप्रभावी आहे. दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच केस सोनेरी होतात. आणि युरोपातील सोनेरी केसांच्या लोकांत हा बदल मिळतच नाही. सॉलोमन बेटांवरचे सोनेरी केस खलाशांनी दिलेले नव्हते, ते तेथलेच होते.

येथे थोडे गणित करू या. तेथील लोकसंख्येत या जनुकाच्या दर शंभर प्रतींपैकी सुमारे २६ बदललेल्या आहेत. मुलाला आईकडून अशी प्रत मिळण्याची शक्यता ०.२६, वडिलांकडून मिळण्याचीही ०.२६. दोघांकडूनही मिळण्याची शक्यता ०.२६ × ०.२६, म्हणजे सुमारे ०.०७. शंभरात सात. प्रत्यक्षात दिसतात पाच ते दहा. आणि एकच बदललेली प्रत असलेले, म्हणजे स्वतः काळ्या केसांचे पण सोनेरी रंगाचे ‘वाहक’ किती? २ × ०.२६ × ०.७४, म्हणजे शंभरात सुमारे ३८. सोनेरी केसांच्या माणसांपेक्षा काळ्या केसांचे वाहक पाचपट अधिक आहेत. असे दोन वाहक जोडपे म्हणून एकत्र आले की त्यांच्या प्रत्येक मुलाचे केस सोनेरी असण्याची शक्यता पाव असते. तेव्हा काळ्या केसांच्या आईवडिलांना सोनेरी केसांचे मूल होणे ही तेथे नवलाची गोष्ट नाही.

मात्र येथेही हा एक जनुक सगळे ठरवत नाही. त्याच अभ्यासानुसार, बेटांवरील लोकांच्या केसांच्या रंगात जो फरक दिसतो त्यापैकी सुमारे ४६ टक्के फरकाचा उलगडा या एका बदलाने होतो. उरलेल्या भागात वयासारख्या इतर गोष्टी आणि इतर जनुके येतात. एका जनुकाच्या मानाने ४६ टक्के हा आकडा प्रचंडच आहे, पण तो शंभर नाही.

लाल केस: नियम आणि त्याचे अपवाद

दुसरे प्रसिद्ध उदाहरण स्कॉटलंड व आयर्लंडमध्ये विशेष आढळणाऱ्या लाल केसांचे. १९९५ साली ब्रिटनमधील जोनाथन रीस, इयन जॅक्सन व त्यांच्या सहकाऱ्यांनी लाल केसांचा संबंध सोळाव्या गुणसूत्रावरील एमसी१आर या जनुकाशी जोडून दाखवला. या जनुकावरून बनणारे प्रथिन रंगपेशीच्या पृष्ठभागावर बसते. ‘काळे द्रव्य बनवा’ हा बाहेरून आलेला निरोप ते आत पोचवते. निरोप पोचला नाही की पेशी तांबूस द्रव्यच बनवत राहते. दोन्ही प्रती सदोष असल्या की बहुधा केस लाल होतात. दोन्हींतला दोष एकच असायला हवा असेही नाही. आईकडून आलेली प्रत एका जागी बिघडलेली आणि वडिलांकडून आलेली दुसऱ्याच जागी, तरीही परिणाम तोच.

अनेक वर्षे लाल केस हे अप्रभावी गुणधर्माचे सोपे उदाहरण म्हणून सांगितले जाई. २०१८ साली एडिंबरोच्या संशोधकांनी ब्रिटनमधील जवळजवळ साडेतीन लाख लोकांच्या माहितीचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातून दिसले की एमसी१आरच्या दोन्ही प्रती ‘लाल’ असूनही अनेकांचे केस लाल नसतात. लाल केसांशी संबंधित आणखी आठ जनुकीय फरक त्यांना सापडले. सोनेरी ते तपकिरी या छटांशी संबंध असलेले फरक तर सुमारे दोनशे निघाले.

या दोनशे फरकांना प्रभावी-अप्रभावी हे शब्द नीट लागू पडत नाहीत. एक नमुना पाहू. उत्तर युरोपातील सोनेरी केसांशी संबंधित असा एक बदल केआयटीएलजी या जनुकापासून बराच दूर, त्याच गुणसूत्रावर आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड किंग्जली यांच्या गटाने २०१४ साली दाखवले की या बदलाने जनुक बंद पडत नाही. केसांच्या मुळाशी त्याचे काम सुमारे २० टक्क्यांनी मंदावते, इतकेच. हे दिव्याचे बटण नव्हे, पंख्याचा रेग्युलेटर आहे. असे अनेक रेग्युलेटर थोडे थोडे फिरले की काळ्यापासून सोनेरीपर्यंतच्या अगणित छटा तयार होतात. माणसांच्या उंचीप्रमाणेच येथेही ठळक दोन गट पडत नाहीत.

दोन अप्रभावी आणि मूल काळे

आता बाईंच्या प्रश्नाकडे वळू. आईवडील दोघेही ‘अप्रभावी’ रंगाचे, तर मूल काळ्या केसांचे होऊ शकते का?

समजा, सॉलोमन बेटांवरच्या सोनेरी केसांच्या मुलीने स्कॉटलंडमधल्या लाल केसांच्या मुलाशी लग्न केले. तिच्या टीवायआरपी१च्या दोन्ही प्रती बदललेल्या आहेत, पण एमसी१आरच्या दोन्ही प्रती चांगल्या आहेत. त्याचे नेमके उलटे. त्यांच्या मुलाला आईकडून एमसी१आरची चांगली प्रत मिळेल आणि वडिलांकडून टीवायआरपी१ची चांगली प्रत मिळेल. दोन्ही ठिकाणी एकेक पंप चालू! या दोन जनुकांपुरते पाहिले तर मुलाचे केस काळे व्हायला काहीच आडकाठी नाही. ‘दोन अप्रभावींच्या पोटी प्रभावी निपजत नाही’ हा नियम खरा आहे, पण दोघांतला बिघाड एकाच जनुकात असेल तरच. केस पाहून बिघाड कोणत्या जनुकात आहे ते कळत नाही.

इतक्या दूरच्या जोडप्याची गरजही नाही. एमसी१आरच्या दोन्ही प्रती लाल असून केस लाल नसलेली माणसे असतात, हे आपण वर पाहिलेच. शिवाय अनेक मुलांचे केस लहानपणी फिकट असतात आणि वाढत्या वयात गडद होतात. म्हणून केसांच्या रंगावरून कोणाचे आईवडील कोण हे ठरवता येत नाही. ना होकारार्थी, ना नकारार्थी.

सोपा नियम कोठे घेऊन गेला?

मग हा सोपा नियम पसरला कसा? मेंडेलचे काम १९०० साली पुन्हा उजेडात आले आणि माणसांतही तसेच नियम शोधण्याची घाई सुरू झाली. अमेरिकेतील चार्ल्स डेव्हनपोर्ट व त्यांच्या पत्नी गर्ट्रूड यांनी १९०७ साली डोळ्यांच्या आणि १९०९ साली केसांच्या रंगाच्या आनुवंशिकतेवर निबंध लिहिले. गडद रंग फिकट रंगावर प्रभावी, हे साधे सूत्र अशा कामांतून रूढ झाले.

डेव्हनपोर्ट तेथेच थांबले नाहीत. ‘चांगल्या’ कुळांचीच वाढ व्हावी अशा विचारसरणीचे, म्हणजे सुप्रजननवादाचे, ते पुढारी झाले. ‘मंदबुद्धी’ हाही असाच एका जनुकाचा मामला आहे असे ते मानत. १९१९ साली तर त्यांनी आरमारी अधिकाऱ्यांच्या घराण्यांवर एक पुस्तक लिहून समुद्राची ओढ हाही अप्रभावी गुणधर्म असल्याचे सुचवले! आज आपल्याला हसू येते. पण याच विचारसरणीने अमेरिकेत सक्तीच्या नसबंदीच्या कायद्यांना बळ दिले आणि १९२७ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने असा कायदा वैध ठरवला. वाटाण्याचा नियम माणसाच्या प्रत्येक गोष्टीला लावण्याची किंमत हजारो लोकांनी मोजली.

केस आणि आहार

आपल्याकडच्या शिक्षकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. केस पिंगट असण्याचे कारण प्रत्येक वेळी जनुकांतच असते असे नाही. उन्हाने मेलॅनिन विरते. आहारात प्रथिनांची तीव्र कमतरता असली की क्वाशिओरकोर हा कुपोषणाचा विकार होतो. त्यात काळे केस तांबूस, विरळ आणि सहज उपटले जाणारे होतात. मध्ये काही काळ बरे जेवण मिळाले तर एकाच केसावर गडद व फिकट पट्टेही दिसतात. म्हणजे तो केस त्या मुलाच्या पोटाची रोजनिशीच लिहीत असतो. एखाद्या मुलाचे पूर्वी काळे असलेले केस तांबूस होऊ लागले असतील, पावलांवर सूज असेल, मूल मलूल असेल, तर तेथे मेंडेलचा तक्ता काढू नये. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

वर्गात काय करावे?

घरच्या माणसांचा तक्ता भरून आणायला सांगू नये, असे माझे मत आहे. वर्गात दत्तक घेतलेली मुले असतात, आई किंवा वडील नसलेली मुले असतात. त्यांना तो तक्ता बोचतो. आणि त्यातून नियमही सिद्ध होत नाही.

त्याऐवजी दोन पिशव्या घ्या. एक आईची, एक वडिलांची. प्रत्येकीत ३७ काळी आणि १३ पांढरी बटणे घाला. पन्नासात तेरा म्हणजे २६ टक्के, सॉलोमन बेटांवरचेच प्रमाण. एका मुलाने दोन्ही पिशव्यांतून न पाहता एकेक बटण काढावे, फळ्यावर नोंद करावी आणि बटणे परत टाकावीत. असे शंभर वेळा करा. दोन्ही पांढरी साधारण सात वेळा येतील, एक पांढरे व एक काळे अडतीस वेळा, दोन्ही काळी पंचावन्न वेळा. आकडे थोडे मागेपुढे होतील. ते का होतात हाही एक चांगला धडा आहे.

मग मुलांना विचारा: या शंभर ‘बाळां’कडे मिळून पांढरी बटणे किती? सात दुणे चौदा आणि अडतीस, एकूण बावन्न. दोनशेत बावन्न, म्हणजे पुन्हा २६ टक्केच! सोनेरी केसांची बाळे फक्त सात दिसली, पण पांढरे बटण एकही हरवले नाही. प्रभावी जनुक वाढत जाऊन अप्रभावी नाहीसा होईल, ही शंका १९०८ साली भल्याभल्यांना पडली होती. तिचे उत्तर इंग्लंडमध्ये जी. एच. हार्डी यांनी थोडक्या बीजगणिताने दिले. श्रीनिवास रामानुजन यांना केंब्रिजला बोलावून घेणारे हार्डी ते हेच. जर्मनीत विल्हेल्म वाइनबर्ग यांनी त्याच वर्षी स्वतंत्रपणे तेच दाखवले होते. ‘लाल केसांची माणसे लवकरच नामशेष होणार’ अशी बातमी अधूनमधून छापून येते, तिला उत्तर म्हणून ही दोन पिशव्यांतली बटणे पुरेशी आहेत.

आणि त्या मुलीचे काय? बाईंनी तिला जे सांगितले ते चूक नव्हते. काळ्या केसांच्या आईवडिलांना पिंगट केसांचे मूल होऊ शकते. फक्त ‘तुझ्यात अमुक अप्रभावी जनुक आहे’ असे तिचे केस पाहून कोणालाही सांगता येणार नाही, मलाही नाही. मी बाईंना असे सुचवीन: तिचे जेवणखाण व तब्येत ठीक आहे ना, एवढे आधी पाहा. मग तिला सॉलोमन बेटांवरच्या मुलांची गोष्ट सांगा. त्यांच्या केसांकडे पाहूनही लोक परक्या खलाशांची नावे घेत होते, आणि ते चुकीचे ठरले. ही गोष्ट तिला एकटीला सांगू नका. सगळ्या वर्गाला सांगा, मागच्या बाकाला ऐकू जाईल अशा आवाजात.